धान कापलं की नाटक

गोंदिया जिल्ह्यात नाटक समजून घ्यायचं तर संहितेआधी धानाची बांधी बघावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान घरात येतं, हातात पैसा खुळखुळतो आणि गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. दिवसा दुकानं आणि दंडार हे लोकनाट्य; रात्री नाटक. शंकरपटाच्या गावी तर नाटक हवंच. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, २०१४ साली बंदी आली, तेव्हा या जोडीतलं एक चाक निखळलं.

नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे वडसा. पडदा रात्री दहानंतर उठतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. थंडीत शाल गुंडाळून, पोरं मांडीवर झोपवून बाया बसलेल्या असतात. पेटी-तबल्यावर गाणी होतात, हुंडा-दारूवरच्या प्रवेशाला डोळे पुसले जातात आणि लगेच विनोदी नट येऊन हसवतो. शहरी समीक्षक याला भडक म्हणतात. मला तो शेरा आळशी वाटतो. इथं प्रेक्षक नुसता नाटकाला येत नाही. नाटकाच्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात.

समीक्षक काही म्हणोत, २०२३ साली परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटाला पद्मश्री मिळाली.