पटकीचे विष शोधणारे शंभुनाथ डे

पटकी, म्हणजेच कॉलरा, ज्या जिवाणूमुळे होते त्याचे शुद्ध संवर्धन रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात मिळवले आणि हा जिवाणू एखादे विष निर्माण करत असावा असा तर्कही मांडला. मात्र ते विष प्रयोगाने सिद्ध होण्यास पुढे ७५ वर्षे जावी लागली. हे कार्य त्याच कोलकात्यातील विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगामुळे शरीरात होणाऱ्या बदलांचे अभ्यासक, डॉ. शंभुनाथ डे यांच्या हातून घडले.

१९१५ मध्ये हुगळी जिल्ह्यात जन्मलेल्या डे यांनी कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि लंडन येथे रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तेथे त्यांनी फुप्फुसात पाणी साठण्याच्या विकारावर काम केले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी हाती घेतला तो रोगही मुळात शरीरातील पाण्याचाच होता, कारण पटकीच्या रुग्णाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन त्याच्या शरीरातील पाणी व क्षार काही तासांतच निघून जातात.

पूर्वीच्या अनेक संशोधकांनी हे जिवाणू प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचले होते, त्यामुळे प्राणी दगावत, पण पटकीची खरी खूण असलेले जुलाब त्यांच्यात दिसत नसत. रोग जेथे घडतो तेथेच जिवाणू सोडले पाहिजेत, हे ओळखून डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना धाग्याने घट्ट बांधला, त्या बंद नळीत जिवाणूंचे संवर्धन सोडले आणि आतडे पुन्हा पोटात ठेवून दुसऱ्या दिवशी तपासले. तेव्हा तो भाग द्रवाने टम्म फुगलेला होता, तर जिवाणू न सोडलेल्या भागात तसा द्रव साठला नव्हता. हा प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९५६ मध्ये डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने ई. कोलाय या जिवाणूचे काही प्रकार तपासले, आणि त्यातून अतिसाराच्या अभ्यासाचे आणखी एक दालन उघडले.

निर्णायक प्रयोग १९५९ चा आहे. डे यांनी संवर्धनाचा द्रव गाळून त्यातील सर्व जिवाणू काढून टाकले आणि केवळ तो गाळलेला द्रव बांधलेल्या आतड्यात सोडला, तरीही आतडे तसेच फुगले. म्हणजे रोगाला कारण ठरणारे द्रव्य जिवाणू स्वतःच्या पेशीबाहेर सोडतो, हे स्पष्ट झाले. अशा द्रव्याला बहिर्विष म्हणतात. 'नेचर' या नियतकालिकात या प्रयोगाचा निबंध आला त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनीही सशांच्या पिलांवरील प्रयोगांतून पटकीच्या विषाची भूमिका दाखवली.

पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत हे विष शुद्ध स्वरूपात मिळाले आणि त्यानंतर त्याचे कार्य उलगडले: विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीला चिकटतो, दुसरा आत शिरून पेशीतील एक विकर सतत चालू ठेवतो, त्यामुळे पेशी क्षार बाहेर टाकू लागते आणि क्षारांमागोमाग पाणीही जाते. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषून घेण्याची आतड्याची क्षमता मात्र या विषाने नष्ट होत नाही, आणि साखर-मिठाच्या पाण्याचा, म्हणजेच जलसंजीवनीचा, उपचार याच तत्त्वावर उभा आहे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरला, तेव्हा तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

डे यांना हयातीत देशातील कोणताही मोठा सन्मान लाभला नाही. १९७८ मध्ये स्टॉकहोम येथील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण मात्र त्यांना आले, आणि नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले होते. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर शोधनिबंधांतील संदर्भांची मोजणी रूढ करणारे युजीन गारफिल्ड यांनी पटकीच्या संशोधनाचा नकाशा मांडताना त्यांच्या कार्याचा प्रभाव विस्ताराने दाखवून दिला. संशोधनाचे खरे मोल त्याच्या आधाराने इतरांना किती पुढे जाता आले यावरून ठरते, आणि या कसोटीवर डे यांचे स्थान निर्विवाद आहे. म्हणूनच वैद्यकाच्या वर्गात पटकी शिकवताना कॉख यांच्या बरोबरीने शंभुनाथ डे यांचे नावही घेतले गेले पाहिजे.