आध्यात्मिक जॅझ आणि त्याच्या नव्या तबकड्या

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली की जाणता वाचक प्रथम एक प्रश्न विचारतो : ही आवृत्ती कोणत्या पोथीवरून सिद्ध केली? मूळ प्रतीवरून, तिच्या नकलेवरून, की नकलेच्याही नकलेवरून? एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो याच चिंतेपोटी. नकला करणाऱ्यांच्या हातून मूळ शब्द झाकला जातो आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हीच चिंता आज संगीताच्या एका कोपऱ्यात नव्याने उभी राहिली आहे. अमेरिकेत 1960 नंतरच्या दशकात उदयास आलेल्या आध्यात्मिक जॅझच्या तबकड्या पुन्हा छापल्या जात आहेत, आणि जगभरचे रसिक त्यांचा संग्रह करीत आहेत. या तबकड्यांतील खरी कोणती, बरी कोणती आणि टाकाऊ कोणती, हे कसे ओळखावे, याचा थोडा विचार करू.

प्रथम या संगीताविषयी. जॅझ म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नृत्यगृह उभे राहते. परंतु जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाने 9 डिसेंबर 1964 रोजी न्यू जर्सीतील एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या ध्वनिमुद्रणगृहात जे वाजविले, ते सरळसरळ प्रार्थना म्हणूनच वाजविले. 'अ लव्ह सुप्रीम' या नावाने 1965 साली ते प्रसिद्ध झाले. 1957 साली आपल्याला ईश्वरकृपेने नवे जीवन लाभले, असे कोल्ट्रेनने त्या तबकडीच्या वेष्टनावर स्वतःच नमूद केले आहे. मादक द्रव्यांच्या व्यसनातून तो त्याच सुमारास सुटला होता. या रचनेच्या चौथ्या भागात त्याने आपलीच एक प्रार्थना सॅक्सोफोनवर अक्षरशः उच्चारली आहे. शब्द छापलेले आहेत वेष्टनावर, आणि वाद्य त्या शब्दांचे उच्चार करीत जाते. गायकी अंगाने वाजविणे म्हणजे काय हे जाणणाऱ्या आपल्या श्रोत्याला यात परके असे काही वाटू नये.

या भक्तीला सामाजिक वेदनेची जोड होती, हेही विसरता येत नाही. सप्टेंबर 1963 मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बाँबस्फोट घडवून चार मुलींचा बळी घेतला. कोल्ट्रेनची 'अलाबामा' ही रचना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. मानहानी सोसणारा एक समाज आपले दुःख, आपला आत्मसन्मान आणि आपला देव ही तिन्ही एकाच स्वरात शोधीत होता. आफ्रिकेची नगारे, इस्लामची ओढ, चर्चमधील सामुदायिक गायन आणि भारतीय विचार या साऱ्यांचे पाणी त्या प्रवाहात मिसळले. कोल्ट्रेनला आपल्या संगीताविषयी एवढा आदर होता की, 1965 साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने पंडित रविशंकरांवरून रवी असे ठेविले.

1967 साली कोल्ट्रेन निवर्तला. त्याची पत्नी ॲलिस हिने हा मार्ग पुढे नेला. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या 'जर्नी इन सच्चिदानंद' या तबकडीचे नाव तिचे गुरू स्वामी सच्चिदानंद यांच्यावरून आले आहे. तीत ॲलिस हार्प वाजविते, फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन आहे, आणि या सर्वांच्या मागे अखंड झंकारतो आहे तो आपला तानपुरा. पुढे तिने तुरीयसंगीतानंद हे नाव धारण केले, कॅलिफोर्नियात आश्रम स्थापिला आणि तेथे संस्कृत भजने गाइली.

आता मूळ तबकड्या असताना नव्या छापण्याचे कारण काय? कारण असे की, मूळ तबकड्या थोड्या आणि मागणी फार. इम्पल्ससारख्या मोठ्या कंपनीच्या मुद्रिका निदान सापडतात तरी. पण चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली काउएल या दोन वादकांनी 1971 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापिलेल्या स्ट्राटा-ईस्टसारख्या संस्थांनी मोजक्याच प्रती काढल्या. कलावंतांनी मालकी आपल्या हाती ठेवण्यासाठी केलेली ती धडपड होती. आज त्या मूळ प्रतींची किंमत सामान्य रसिकाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. म्हणून पुनर्मुद्रण हवे. आणि ते रीतसर परवान्याने झालेले हवे, म्हणजे त्या धडपडीचे मोल वादकाला किंवा त्याच्या वारसाला पोचते.

परंतु छापावयाचे कशावरून? येथेच पोथीचा प्रश्न पुन्हा येतो. मूळ वादन चुंबकीय फितीवर नोंदलेले असते. त्या फितीवरून लॅकरचा लेप दिलेल्या चकतीवर चर कोरतात. त्या चकतीवर धातूचा थर चढवून साचे तयार करतात, आणि साच्यांत तापलेले व्हिनाइल दाबून तबकडी काढतात. या प्रत्येक पायरीवर काही ना काही गळते. मूळ फीत जुनी झाली, झिजली वा हरवली, तर तिच्या नकलेवर भागवावे लागते. 'अ लव्ह सुप्रीम'चीच कथा पाहा. 1965 साली मूळ फितीवरून काढलेली एक प्रत इंग्लंडला गेली होती. 2002 सालच्या आवृत्तीसाठी तीच उपयोगी पडली. 2008 साली हॉलिवूडमधील युनिव्हर्सल कंपनीच्या आवारात मोठी आग लागली. इम्पल्सच्या अनेक मूळ फिती तीत नष्ट झाल्याचे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने 2019 साली दिले; हानी एवढी मोठी नव्हती, असे कंपनीचे म्हणणे पडले. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील, लॅकरच्या चकत्या बनविणारा कारखाना जळाला, तेव्हा अशा चकत्या पुरविणारा जपानमधील एकच प्रमुख कारखाना उरला. हे संगीत जपणारी साखळी किती बारीक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आता मुख्य प्रश्न : तबकडी हाती आली म्हणजे तिची परीक्षा कशी करावी? माझ्या मते मराठी श्रोत्याजवळ यासाठी एक उत्तम मापदंड उपजतच आहे. तो म्हणजे तानपुऱ्याची जवारी. घोडीवर तारेखाली सूत योग्य जागी सरकले की तार केवळ वाजत नाही. तिच्यातून वरच्या स्वरांची एक आवली फुलत जाते. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे रहस्य आपल्या कानांना बालपणापासून ठाऊक असते. 'जर्नी इन सच्चिदानंद'च्या आरंभी हाच तानपुरा ऐका. चांगल्या प्रतीत प्रत्येक तार निराळी कळते, तिचा झंकार उठतो, पसरतो आणि पुढच्या तारेत विरतो. वाईट प्रतीत तेथे नुसती भणभण ऐकू येते, किंवा वरचे स्वर इतके तासून धारदार केलेले असतात की तार पत्र्यासारखी खणखणते. पहिला दोष नकलेच्या नकलेचा असू शकतो; दुसरा बहुधा अतिउत्साही शुद्धीकरणाचा.

त्याच तानपुऱ्याने दुसरीही परीक्षा होते. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद लागतात. मधले भोक नेमके मध्यावर नसेल, तर दर 1.8 सेकंदांनी स्वर किंचित वरखाली झुलतो. जलद गतीत हे लपून जाते. स्थिर षड्जात लपत नाही. अशी प्रत विनासंकोच परत करावी.

तिसरी परीक्षा तबकडीच्या अंतर्भागाची. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर चर सरकतो. आतल्या कडेला जेमतेम 21. तेवढ्या अपुऱ्या जागेत तेवढेच संगीत बसवावयाचे, म्हणून बाजू संपत आली की झांजांचे स्वर चरचरू लागतात. आध्यात्मिक जॅझमध्ये तर रचनेचा कळस बहुधा शेवटीच येतो. फॅरो सँडर्सच्या 'कर्मा' या 1969 सालच्या तबकडीतील मुख्य रचना अर्ध्या तासाहून मोठी, त्यामुळे ती दोन बाजूंत विभागावी लागली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून अधिक संगीत कोंबले असेल, तर आवाज दबलेला असणार हे गृहीत धरावे.

चौथी परीक्षा शांततेची. सुई टेकल्यापासून पहिला स्वर येईपर्यंतचा क्षण लक्षपूर्वक ऐकावा. धुळीची टकटक तबकडी धुतल्याने जाते. दाबताना व्हिनाइल नीट न भरल्याने होणारी फरफर जात नाही. दोन निरनिराळ्या प्रतींत एकाच ठिकाणी तोच टक्‌ असा आवाज आला, तर दोष साच्यात आहे, अथवा मूळ फितीऐवजी जुन्या तबकडीवरूनच ही नक्कल उतरविली आहे, असा संशय घ्यावा.

मात्र सर्वच उणिवा छपाईच्या नसतात. 'जर्नी इन सच्चिदानंद'मधील शेवटची रचना न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट येथे श्रोत्यांसमोर मुद्रित झाली, बाकीच्या ॲलिसच्या घरच्या ध्वनिमुद्रणगृहात. तेथे हवा बदलते, ती बदलावयासच हवी. 'तुरीया सिंग्ज' ही 1982 सालची कॅसेट तंतुवाद्यांच्या साथीने सजलेली होती. 2021 सालच्या आवृत्तीत केवळ ॲलिसचा कंठ आणि ऑर्गन आहे. याला बिघाड म्हणता येत नाही, हा पाठभेद आहे. आणि दोन्ही पाठ आपापल्या जागी ऐकण्यासारखे आहेत.

तुलना करताना एक पथ्य पाळावे. दोन्ही प्रतींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. जे मोठ्याने वाजते ते कानाला तत्काळ अधिक चांगले भासते, आणि पुष्कळ वादविवाद या एका भ्रमावर उभे आहेत. 180 ग्रॅम वजनाची जाडजूड तबकडी म्हणजे उत्तम ध्वनी, हाही तसाच समज. वजनाने तबकडी सपाट राहण्यास थोडी मदत होते. स्वर मात्र मूळ फीत आणि चर कोरणाऱ्याचा हात यांवर अवलंबून असतात.

आणि कानाची मर्यादाही ओळखावी. 2022 साली असे उघडकीस आले की, केवळ मूळ फितीवरून, कोणत्याही अंकीय पायरीशिवाय तबकड्या काढण्याबद्दल ख्यातकीर्त असलेली एक अमेरिकन कंपनी अनेक आवृत्त्यांत अशी पायरी वर्षानुवर्षे वापरीत होती. त्या तबकड्यांची जाणकारांनी मुक्तकंठाने स्तुती केली होती! ग्राहकांचा संताप रास्त होता, कारण त्यांना खरे सांगितले गेले नव्हते. पण जो ध्वनी काल सुंदर होता, तो आज वार्ता कळल्यामुळे असुंदर होत नाही. विक्रेत्याचा प्रामाणिकपणा आणि ध्वनीचा गुण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची मागणी करावी, पण एकीच्या जागी दुसरी मोजू नये.

संग्रह करणाराची खरी कसोटी इथेच लागते. दहा आवृत्त्या जमवून त्यांतील फरक सांगणारा मनुष्य विद्वान असेल. पण कोल्ट्रेनची प्रार्थना शेवटच्या स्वरापर्यंत स्वस्थ बसून ऐकण्याची सवड त्याला उरली नसेल, तर त्याच्या कपाटात तबकड्या आहेत, संगीत नाही. पाठ शुद्ध करावयाचा तो पारायणासाठी. एक चांगली प्रत निवडावी, सुई स्वच्छ ठेवावी, आणि मग परीक्षकाची भूमिका बाजूला ठेवून नुसते ऐकावे. ज्यांनी हे संगीत निर्माण केले, त्यांनी ते एवढ्यासाठीच केले होते.