सकाळची हवा

पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मशीनला एक गोष्ट कळत नाही. समोर उभी असलेली गाडी आत्ताच घरातून निघाली आहे की मे महिन्याच्या दुपारी पन्नासेक किलोमीटर पळून आली आहे, हे तिला सांगायची सोय नाही. समजा, बारामतीहून पालखी मार्गाने निघालेली हायब्रिड गाडी इंदापुरात हवा भरायला थांबली. कंपनीने ३३ पीएसआय हवा सांगितली आहे आणि सकाळी टायरमध्ये बरोबर तेवढीच होती. तापल्या रस्त्यावर पळून आता तीच हवा ३७ दाखवते. पंपावरचा मुलगा मशीनवर ३३ चा आकडा लावतो, नळी जोडतो. मशीन प्रामाणिकपणे फुस्स करून चार पीएसआय सोडून देते, टूं टूं वाजते, आणि मालक खूश होऊन पुढे जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे, टायर गार झाल्यावर, त्याच चाकात जेमतेम साडेएकोणतीस हवा उरलेली असते. मशीन बिघडलेली नव्हती आणि मुलगाही चुकला नव्हता. मोजण्याची वेळ चुकली होती. हायब्रिडला हवा किती ठेवावी, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या वेळेतच आहे.

उरलेलं निम्मं चालकाचं दार उघडलं की दिसतं. बहुतेक गाड्यांमध्ये दाराच्या खांबावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर पुढच्या-मागच्या चाकांची हवा आणि बऱ्याचदा भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. हा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आतच चाललेली असताना मोजायचा. हायब्रिडमध्ये बॅटरी आणि मोटर जादा असते, म्हणून दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावी, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ते वजन कारखान्यातच गाडीत बसलेलं असतं आणि पट्टीवरचा आकडा ते धरूनच काढलेला असतो. शिवाय ग्रँड विटारा किंवा हायरायडरसारख्या हायब्रिडची बॅटरी इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीपुढे अगदीच किरकोळ. तिची क्षमता एक किलोवॅट-तासाच्याही आत आहे. काही टायरांच्या बाजूवर ‘मॅक्स’ म्हणून मोठा आकडा छापलेला असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीशी त्याची ओळखही नसते.

तरीही हायब्रिडवाल्यांना जास्त हवेचा मोह सुटत नाही. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचं प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. असा आकडा ऐकून गाडी घेतलेला माणूस पडद्यावरच्या सरासरीकडे पाहत गाडी चालवणार, हे ओघाने आलंच. कडक टायर कमी दबतो, कमी दबल्याने त्याला फिरवायला कमी जोर लागतो, हे भौतिकशास्त्र खरं आहे. प्रश्न किती, एवढाच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा की चारही चाकांची हवा एक पीएसआय कमी झाली तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटतं. हाच हिशेब उलटा चालतो असं उदारपणे मान्य केलं, तर पाच पीएसआय जास्त ठेवून एक टक्का वाचेल. लिटरला २५ देणारी गाडी महिन्याला हजार किलोमीटर फिरली तर ४० लिटर पेट्रोल लागतं. त्यातलं एक टक्का म्हणजे ४०० मिलिलीटर, चाळीस-बेचाळीस रुपये. त्या बदल्यात टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि खड्ड्याचा दणका रबराने पचवायचा तो बाजूच्या धाग्यांवर आणि रिमवर येतो. गळीत हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या जोड-ट्रॉल्यांनी आतल्या रस्त्यांच्या कडा खचवलेल्या असतात. तिथे अंधारात चाक आदळून टायरच्या बगलेला फुगा आला, की चाळीस रुपयांची अनेक वर्षांची बचत एका टायरात जाते. हायब्रिडचं तर आणखी एक आहे. ब्रेक दाबल्यावर ती चाकांच्या फिरण्यातूनच वीज परत मिळवते. पकड सुटतेय असं यंत्रणेला वाटलं की ते काम थांबवून साधे ब्रेक पुढे केले जातात. म्हणजे बचतीचा मूळ झराच पकडीवर अवलंबून.

दुसरी बाजू जास्त हट्टी आहे, कारण ती भीतीतून येते. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतो,’ हा सल्ला आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. ऐकायला तो पटतोही: हवा तापून फुगणार, मग आधीच थोडी जागा ठेवलेली बरी. पण तेहतिसाची सदतीस होणं टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. टायरला मारतो तो आतला ताप, आणि तो कमी हवेमुळे वाढतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बगल जास्त दुमडते, सरळ होते, पुन्हा दुमडते. लोखंडी तार सतत वाकवली की बोटाला चटका बसतो, तसंच. याचा दारुण पुरावा २००० साली अमेरिकेत मिळाला. फोर्ड एक्स्प्लोररवरच्या फायरस्टोन टायरांचे थर उष्ण प्रदेशात, वेगात सुटू लागले आणि त्या ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत मागवावे लागले. टायरच्या बनावटीवर बोट ठेवलं गेलं, तसंच त्या गाडीसाठी सांगितलेल्या अवघ्या २६ पीएसआयवरही. दोन्ही कंपन्यांचं भांडण बरंच चाललं. हवेचा दाब घटला की चालकाला इशारा देणारी यंत्रणा तिथे सक्तीची झाली, ती याच प्रकरणातून.

मग तो इशारा देणारा दिवा असताना मोजायची कटकट कशाला, असं कोणी विचारेल. अमेरिकी नियमानुसार दिवा लागायला हवा साधारण पाव भागाने उतरावी लागते. तेहतिसाची पंचवीस होईपर्यंत तो गप्प बसू शकतो. नायट्रोजनचंही कौतुक जरा आवरायला हवं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. नायट्रोजन थोडा सावकाश गळतो, कोरडा असतो, एवढंच. पैसे द्यायचे तर द्यावेत, मोजणं त्याने सुटत नाही. कारण ऋतूही हवा खातो. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब दोनेक पीएसआयने कमी होतो. मे महिन्यातल्या सकाळी नीट भरलेला टायर उजनी धरणाच्या काठी थंडी पडेपर्यंत, काही न गळताही, मऊ झालेला असतो. नैसर्गिक गळती वेगळीच.

एक आक्षेप मात्र खराखुरा आहे: गार टायर घेऊन पंपावर पोहोचायचं कसं? वाड्या-वस्त्यांवर राहणाऱ्याला पंप आठ-दहा किलोमीटरवर, आणि तिथवर जाताना टायर तापणारच. यावर उपाय साधा आहे. सकाळी गाडी अंगणात असताना खिशातल्या गेजने मोजायचं. तेहतिसाऐवजी तीस निघाली तर तीनची तूट लक्षात ठेवायची. पंपावर तोच टायर चौतीस दाखवत असेल, तर मशीनवर ३३ लावू द्यायचे नाहीत. ३७ लावायला सांगायचं. मुलगा चमकून बघेल.