बेळगावच्या इमारती आणि वाया जाणारी ऊब

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. एप्रिलच्या दुपारी पारा ३५-३६ अंशांवर गेला तरी रात्री २० च्या आसपास उतरतो. कॅम्प म्हणजे छावणी भागातल्या ब्रिटिशकालीन बंगल्यांनी हाच फरक वापरला: जाड भिंती, रुंद व्हरांडे, उंच कौलारू छपरे. पुढे स्लॅब आला, बेळगाव-निपाणी महामार्गावर काचेच्या दर्शनी भिंती आल्या आणि त्यांच्या मागोमाग एसी. छोट्या प्लॉटवर व्हरांडा परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा आणि गच्चीवर पांढरा थर यांना जागा लागत नाही.

सरकारी प्रयत्नांचा भर यंत्रावर राहिला. २०१० पासून एसीवर तारांकन सक्तीचे झाले, २०२० पासून नव्या एसीचे तापमान मुळातच २४ अंशांवर ठेवलेले येऊ लागले. दोन्ही पावले योग्यच. पण तारे यंत्राची परीक्षा घेतात, तापलेल्या स्लॅबची नाही. आणि बाहेर टाकलेल्या उष्णतेचा हिशेब तर फारसा कुणी मागत नाही. एसी एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिट उष्णता खोलीतून उपसतो आणि चार युनिट बाहेर सोडतो. त्याच इमारतीत गिझर किंवा बॉयलर वेगळे इंधन खाऊन पाणी तापवत असतो.

उष्णता परत मिळवण्याची सोय बेळगावला मुंबईपेक्षा जास्त शोभते, असे माझे ठाम मत आहे. इथे गरम पाणी पावसाळ्यातही लागते आणि तेव्हाच ढगांमुळे सोलर हीटर ढिले पडतात. पावसाळ्यात एसी बंदच असतात, मग उष्णता कुठली, असे कुणी म्हणेल. घरापुरते ते बरोबर आहे. एका खोलीच्या एसीसाठी हा खर्च करूच नये. रुग्णालयात मात्र शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग बारा महिने थंड ठेवावे लागतात. शिवाय दमट हवेतले पाणी काढण्यासाठी ती जादा थंड करतात आणि पुन्हा कोमट करतात, बहुधा विजेच्या हीटरने. कंप्रेसरमधून निघणारा तप्त वायू टाकीतल्या पाण्याभोवती फिरवला, तर पाणी तापवणे आणि हवा पुन्हा कोमट करणे ही दोन्ही कामे बरीचशी भागतात. थंडावा आणि गरम पाणी एकाच वेळी लागत नाही, ही अडचण चांगले आवरण असलेली साठवण टाकी दूर करते. नकाशा कागदावर असतानाच यंत्रखोली टाकीजवळ घेतली तर नळ्यांचा खर्च किरकोळ येतो. बांधून झालेल्या इमारतीत त्यासाठी भिंती फोडाव्या लागतात.