पिल्लांचे नवे घर

मी आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. अम्मीने बाजारातून एक दिवस वयाची २० पिल्ले आणली. ओसरीवर एका मोठ्या खोक्यात, विजेच्या बल्बच्या उबेत ती वाढू लागली. तीन आठवड्यांतच खोके अपुरे पडू लागले. डिसेंबरचे दिवस होते. एके संध्याकाळी अम्मीला न विचारताच मी सगळी पिल्ले अंगणातील खुराड्यात नेऊन ठेवली. सकाळी दार उघडले, तर सारी पिल्ले एका कोपऱ्यात ढीग करून बसलेली होती. वरची जिवंत होती. खालची ७ गुदमरून मेली होती. अम्मी रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "बेटा, त्यांना आधी पिसे तर येऊ द्यायची होतीस!"

अम्मीच्या या एका वाक्यात मोठे शास्त्र आहे. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर फक्त मऊ लव असते. लव थंडी अडवू शकत नाही. शिवाय लहान पिल्लाला स्वतःच्या शरीराची उष्णता टिकवता येत नाही. कोंबडी त्याला पंखांखाली घेते. कोंबडी नसेल, तर आपण ऊब द्यावी लागते. अशी ऊब देणाऱ्या जागेला ब्रूडर म्हणतात. घरी खोके किंवा टोपली आणि साधा पिवळा बल्ब यांवर काम भागते. प्रत्येक पिल्लामागे साधारण २ वॅट, असा हिशेब धरतात. एलईडी दिवा मात्र येथे उपयोगाचा नाही. तो उजेड देतो. पण पुरेशी ऊब देत नाही.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करावे. त्यासाठी बल्ब थोडा वर टांगावा. तापमापक नसला, तरी पिल्लांकडे पाहावे. ती बल्बखाली गर्दी करत असतील, तर त्यांना थंडी वाजते. चोच उघडी ठेवून दूर पळत असतील, तर उकडते. सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असतील, तर सर्व ठीक आहे.

मग पिल्ले बाहेर कधी न्यावीत? दिवस मोजू नयेत, पिसे पाहावीत. पंख, पाठ आणि छाती पिसांनी झाकली गेली, की पिल्लू तयार झाले असे समजावे. उन्हाळ्यात हे काम चौथ्या आठवड्यानंतर करता येते. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात सहा आठवडे थांबणे बरे. निफाडसारख्या भागात हिवाळ्यात पारा १० अंशांच्याही खाली जातो, हे विसरू नये.

हा बदल हळूहळू करावा. आधी काही दिवस, ऊन चढल्यावर पिल्ले तासभर बाहेर सोडावीत आणि संध्याकाळी आत आणावीत. मग रात्रीही बल्ब बंद ठेवून पाहावा. पिल्ले शांत झोपली, तरच त्यांना खुराड्यात हलवावे. हलवण्याचे काम सकाळी करावे, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्यांना नवी जागा ओळखीची होते. पाण्याचे भांडे आणि खाद्य पूर्वीचेच ठेवावे.

खुराडे कोरडे हवे. तळाशी भाताच्या तुसाचा दोन-तीन इंच थर द्यावा. तूस ओले झाले, की पिल्लांना हगवणीचा रोग होतो. म्हणून ते लगेच बदलावे. मांजर, मुंगूस आणि घूस यांपासून रक्षणासाठी बारीक जाळी लावावी. वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाट सोडावे. पण हवा येण्यास वाट ठेवावी. मोठ्या कोंबड्या नव्या पिल्लांना टोचतात. म्हणून सुरुवातीला दोघांमध्ये जाळी असावी. पहिल्या काही रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन एकदा पाहून यावे. पिल्ले एका कोपऱ्यात ढीग करून बसली असतील, तर हाताने वेगळी करावीत.

पुढच्या वर्षी अम्मीने पुन्हा पिल्ले आणली. या वेळी रोज पिसे पाहण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले. सहा आठवडे मी थांबलो. त्या हिवाळ्यात खुराड्यातील एकही पिल्लू दगावले नाही.

स्वाध्याय
१. खुराड्यातील ७ पिल्ले का मेली?
२. पिल्लांना थंडी वाजते की उकडते, हे कसे ओळखावे?
३. तुमच्या घरी किंवा शेजारी पाळलेल्या एखाद्या प्राण्याची काळजी कशी घेतात, ते पाच ओळींत लिहा.