नाजूक तोंडाच्या घोडीला लगाम कसा निवडावा?



मोर्शी म्हटले की संत्रा, कपाशी आणि बैलजोडी. घोड्याचा विषय आपल्या कार्यक्रमात क्वचितच निघतो. टांगे तर गेल्यातच जमा आहेत. तरीपण वरातीसाठी घोडी पाळणारे, चिखलदऱ्याला पर्यटकांसाठी तट्टू ठेवणारे आणि मेंढरांमागे बिऱ्हाड घोड्यावर लादून हिंडणारे धनगर बांधव आपल्या भागात आहेतच. हे पत्रक त्यांच्यासाठी.

गेल्या लग्नसराईत एक शेतकरी बंधू भेटले. त्यांची घोडी वरातीत लगाम ओढला की मान झटकायची. एकदा तर नवरदेव पाठीवर असताना तिने पुढचे पाय उचलले. भोवती लहान पोरे नाचत होती, थोडक्यात निभावले. ते म्हणाले, "साहेब, घोडी तोंडाची लय कडक हाये. काटेरी लगाम टाकू काय?" मी म्हटले, आधी तोंड तर पाहू. पाहिले तर ओठाचे दोन्ही कोपरे सोललेले आणि खालच्या हिरडीवर जखम. घोडी कडक नव्हती, तिचे तोंड दुखत होते.

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे रिकामी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी तिथेच बसते. या ठिकाणी हिरडीची पातळ कातडी आणि लगेच खाली जबड्याचे धारदार हाड. आपल्या नडगीवर दगड लागला की कसे होते, तसेच समजा. दुखले की जनावर दुखण्यापासून पळते किंवा मान वर फेकते. आपल्याला वाटते ते ऐकत नाही, म्हणून आपण आणखी ओढतो. काटेरी लगामाने हे दुखणे वाढते आणि घोडी जास्तच बिथरते. शिवाय खिळे, गाठी किंवा टोके असलेला लगाम वापरण्यास ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी मनाई आहे.

लगाम बदलण्यापूर्वी दात तपासून घ्या. वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने धार येते. वरच्या दाढांपुढे कधीकधी एक बारीक दात असतो, त्यावर दांडी आपटते. अडीच ते पाच वर्षांच्या शिंगराचे दुधाचे दात पडत असतात, तेव्हाही ते तोंडाला हात लावू देत नाही. चारा अर्धवट चावून गोळे खाली टाकत असेल, तर दुखणे दातांचे आहे असे धरा. मी शेतीखात्याचा माणूस. दाढा कानसणे हे पशुवैद्यकाचेच काम. घरच्या कानशीने तो उद्योग करू नका.

आता दांडीचे माप. एक स्वच्छ सुती दोरी तोंडातून आडवी घ्या, ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करा आणि दोरी ताणून मोजा. त्यात दोन्हीकडे मिळून सुमारे एक सेंटीमीटर वाढवा. लहान चणीच्या तट्टाला साधारण साडेचार इंच लागते, मोठ्या घोड्याला पाच-सव्वापाच. अरुंद दांडी ओठ चिमटते, फार रुंद असली तर इकडून तिकडे सरकून घासते.

जाड दांडी मऊ, असे सगळेच सांगतात. ते अर्धेच खरे आहे. बारीक दांडी रुतते हे कबूल; पण तट्टाचे तोंड लहान आणि जीभ मांसल असते, जाड दांडी तिथे मावतच नाही. मग ते दिवसभर तोंड उघडे ठेवते. करंगळीएवढी जाडी बहुतेकांना चालते. पिळाच्या तारेची दांडी मात्र घेऊच नका.

मधोमध एकच सांधा असलेली दांडी ओढली की अडकित्त्यासारखी मिटते आणि तिचे कोपर टाळूकडे जाते. नाजूक तोंडाला किंचित बाक असलेली अखंड दांडी, किंवा मधे छोटा गुळगुळीत तुकडा असलेली दोन सांध्यांची दांडी बरी पडते. काही जनावरांना जिभेवरचा भार सोसत नाही, ती जीभ बाहेर काढतात. त्यांना दुसरा प्रकार लावून पाहावा. शेवटचा निकाल घोडीच देणार.

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतून लगाम आणणार असाल, तर चकाकीवर जाऊ नका. मुलाम्याचे पापुद्रे सुटले की त्यांची धार जीभ कापते. गंज न चढणारे पोलाद घ्या आणि सांध्यांवरून बोट फिरवून पाहा. तुमच्या बोटाला बोचले, तर तिच्या तोंडालाही बोचेल.

दांडी बसवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एखादी सुरकुती दिसावी. तीन-चार दिसल्या तर पट्टा ताणला गेला आहे, सैल करा.

त्या घोडीच्या दाढा डॉक्टरांनी कानसल्या. जखम भरेपर्यंत लगाम बंद ठेवला, नुसत्या मोरकीवर फिरवली आणि वरातीच्या दोन सुपाऱ्या सोडल्या. मालकाला ते जड गेले. पण नंतर रुंद, अखंड दांडीवर ती हळूहळू शांत झाली. बँडच्या आवाजाला ती अजून कान टवकारते. मान मात्र झटकत नाही.

तोंडात जखम असेल तर धनुर्वाताची लस टोचली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. घोड्याला हा रोग फार लवकर होतो आणि बहुधा जीव घेतो. काम संपले की दांडी साध्या पाण्याने धुवावी, नाहीतर वाळलेला फेस घासतो. आणि पौष-माघाच्या थंडीत सकाळी दांडी तोंडात देण्यापूर्वी दोन मिनिटे मुठीत धरून कोमट करावी.