दिसलं नाही म्हणजे नाही का? अवरक्त किरण, औषध आणि निदान

नवी मुंबईतल्या या व्याख्यानमालेत आज विषय आहे इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीचा. आम्ही तत्त्वज्ञानाचे. तेव्हा यंत्राची कळ कुठली दाबायची, ते आम्हाला विचारू नका. पण 'हे कशावरून?' हा प्रश्न मात्र आमचाच.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून तेव्हा ग्लिसेरॉल देत असत. या ग्लिसेरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं. दोन्ही द्रव रंगहीन, दाटसर, गोडसर. बाटलीवर लेबल होतं, पण आत काय आहे हे वेळेत कुणी पाहिलं नाही. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं नंतर खरेदीपासून औषध नियंत्रणापर्यंतच्या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले.

आता पाहायचं कसं? विल्यम हर्शलनं १८०० साली प्रिझममधून सूर्यप्रकाश पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथं थर्मामीटर ठेवला. पारा चढला! हे अवरक्त किरण. सतारीच्या तरफेच्या तारा आठवा. वर सूर लागला की त्याच सुराची तरफ आपोआप झंकारते, बाकीच्या गप्प. रेणूमधले अणूंचे बंध असेच असतात. प्रत्येक बंध आपल्या कंपनाचेच किरण शोषतो. कुठले किरण शोषले गेले याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा वर्णपट, जणू अंगठ्याचा ठसा. ग्लिसेरॉलच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट असतात. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये दोन, आणि मधे दोन कार्बनना जोडणारा एक ऑक्सिजन. जिभेला फरक कळत नाही, पण आलेखात कळतो. एक थेंब आणि काही मिनिटं पुरतात.

न्यायशास्त्रातलं धूर आणि अग्नीचं उदाहरण आपण मागे पाहिलं. इथंही अनुमानच आहे. रेणू कुणी पाहिला नाही, आलेखावरून तो ओळखला. आणि ही ओळख प्रमाणित नमुन्याच्या आलेखाशी ताडून पटवावी लागते.

पण खरी गोम पुढे आहे. आलेख जुळला म्हणजे औषध निर्धोक का? नाही. औषधसंहितेनुसार ग्लिसेरॉलमध्ये हे विष ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही. इतकी थोडी भेसळ नेहमीच्या अवरक्त आलेखात हरवून जाते. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: योग्यानुपलब्धी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच 'दिसली नाही, म्हणून नाही' म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत मांजर दिसलं नाही, यावरून मांजर नाही असं सिद्ध होत नाही.

निदानातही हेच. मूतखड्याचा तुकडा अवरक्त किरणांनी तपासला तर तो कॅल्शियम ऑक्झलेटचा की युरिक ॲसिडचा हे कळतं, आणि पथ्य व औषध त्यावर ठरतं. भूल दिलेल्या रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड याच तत्त्वावर श्वासागणिक मोजतात. ओल्या ऊतीत मात्र पाणीच अवरक्त किरण गिळून टाकतं. तिथं रामन स्पेक्ट्रोस्कोपी ही तिची बहीण सोयीची पडते. आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या निदानासाठी तिच्यावर संशोधन झालं आहे.

आणि करोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर? तोही याच कुळातला. तो बोटातून साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त प्रकाश सोडतो आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. आता समजा, बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचला आणि माणूस भोवळून पडला. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो ९८ दाखवू शकतो! कारण या दोन प्रकाशांत त्याला कार्बन मोनॉक्साइडनं व्यापलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्यासारखंच भासतं. तिथं आकड्यावर विसंबायचं नाही. दारं-खिडक्या उघडायच्या, गॅस बंद करायचा, माणसाला मोकळ्या हवेत आणून ताबडतोब रुग्णालयात न्यायचं आणि गिझरचं आवर्जून सांगायचं.

तेव्हा मित्रहो, यंत्र खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं. जे. जे.मध्ये प्रश्नच वेळेत विचारला गेला नाही. ऑक्सिमीटरच्या बाबतीत आपण चुकीचा प्रश्न विचारतो. यापुढं कुठलाही अहवाल 'नॉर्मल' आला आणि त्रास मात्र तसाच राहिला, तर डॉक्टरांना नम्रपणे एवढंच विचारा: दोष असता, तर या तपासणीत तो दिसला असता का?

आता आपले प्रश्न घेऊ.